जवळ्याचा डबा

मिसने माझा डबा दोन बोटांनी उचलला आणि वर्गाबाहेर चपलांच्या रॅकवर नेऊन ठेवला.

"ही घाण तिकडेच बसून खा. बाकीच्या मुलांना मळमळतं."

डब्यात भाकरी होती आणि सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. मी चौथीत होते. ब्लड कॅन्सरची ट्रीटमेंट संपवून नुकतीच शाळेत परतलेली. डोक्याला स्कार्फ.

औषधांनी माझ्या तोंडाची वाट लावली होती. आधी वरणभात आवडायचा. आता वरण म्हणजे गंजलेलं लोखंड चाटल्यासारखं. गोड तोंडात गेलं की ओकारी. आई रोज काहीतरी नवीन करायची, मी रोज थुंकायचे. एकदा तिनं स्वतःच्या ताटातला जवळा माझ्या भाकरीवर ठेवला. खारट, तिखट, कोकमानं आंबट. मी अख्खी भाकरी खाल्ली. आई ओट्याला टेकून रडली. डॉक्टर म्हणाले, "नीट शिजवलेलं असेल तर खाऊ दे. वजन वाढायला हवं."

आईनं हे सगळं मिसना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजारपणाच्या नावाखाली तुमच्या सवयी आमच्या वर्गात नका आणू."

आमच्या वर्गात.

आई म्हणाली, "सॉरी मॅडम."

चार दिवस चपलांपाशी बसून खाल्लं. मग खाणंच सोडलं. भरलेला डबा गटारात ओतायचे. तपासणीला वजन घटलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर पुन्हा नाकातून नळी."

नळी मला माहीत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला रडू आलं नाही. राग आला.

दुसऱ्या दिवशी बाकावरच डबा उघडला.

"बाहेर," मिस म्हणाल्या.

"नाही जाणार."

"काय म्हणालीस?"

"तुमच्यासाठी मी उपाशी मरणार नाही."

तिथंच खाल्लं. शेवटच्या घासापर्यंत.

आईला मुख्याध्यापकांनी बोलावलं. जी मालवणी ती फक्त घरात बोलायची, तीच तिथं बोलली. "माझा चेडू वर्गातच बसान जेवतला. काय ता करा."

मला वर्गात जेवू दिलं. वर्षभर शेजारी कुणी बसलं नाही.

आता मी नोकरी करते. चव बरीचशी परत आलीय. लोक म्हणतात, जुनं झालं, सोड ना. नाही सोडणार. त्या बाईंना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.