साळुंकी येईपर्यंत

आमच्या ब्रीझे वेर्दिएर गावात कावळे नव्हते. ते सगळे तिकडे पोर्ट लुईच्या बंदराकडे. म्हणून आमच्यात दहाव्याच्या पिंडाला साळुंकी शिवली तरी चालायचं. कोकणातून बोटीने इथे उसाच्या मळ्यांवर आलेल्या पणजोबांनी ही तडजोड कधी केली कोण जाणे, आम्हाला तेच शास्त्र वाटायचं. साळुंकी शिवेना, तर मेलेल्या माणसाचं काही मागणं राहिलंय असं समजायचं आणि घरच्यांनी हात जोडून एकेक वचन देत जायचं.

माझ्या काकीचा दहावा होता त्याच सकाळी रेडिओवर वादळाचा पहिला इशारा झाला. काका नदीकाठी हात जोडून उभे होते. "पोरीला शिकवीन," म्हणाले. "तिला सावत्र आई आणणार नाय," म्हणाले. साळुंकी येईना. वारा वाढला, लोक आभाळाकडे बघायला लागले, तेव्हा विधी सांगणाऱ्या महाराजांनी दर्भाचा पक्षी वळला आणि तोच पिंडाला टेकवला. तसंही चालतं म्हणे. आम्ही धावतपळत घरी येऊन खिडक्यांना फळ्या ठोकल्या. काकीची एकुलती मुलगी माझ्याच वयाची, अकरा वर्षांची. ती वाटभर मागे वळून बघत होती.

वादळाने शाळेचं छप्पर नेलं आणि आम्हाला रान मोकळं मिळालं. ऊस आडवा झोपला होता, त्याच्याखाली बोगदे तयार झाले होते. शेताच्या मधोमध वेचलेल्या काळ्या दगडांचा ढीग होता, दोन पुरुष उंच. ते आमचं बेट. खेळ काढला शेजारच्या थोरल्या मुलीने. ती, तिची धाकटी बहीण, मी आणि काकीची मुलगी, अशा चौघीच. सगळं जग बुडालंय, आपणच उरलोय, आणि खाली उसात लूगारू फिरतोय, अर्धा माणूस, अर्धा लांडगा. बाकीच्यांना जगायचं तर रोज एकीला त्याच्या हवाली करायचं. कोणाला, ते बोटं दाखवून ठरवायचं. जिला दिली ती मेली. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही. तिच्या नावाने पानावर भात ठेवायचा आणि साळुंकी शिवली की ती पुन्हा जिवंत.

हा शेवटचा नियम माझा. नको तिथे शहाणपणा करायची माझी खोड जुनीच आहे. काकीला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

"आज कोण?" थोरलीने विचारलं आणि माझ्यावर नजर रोखली. "तू भितेस. भित्रीला आधी द्यायची."

"मो पा पेर!" मी ओरडले. भीत नाही म्हणाले खरी, पण नजर उसाकडे गेली. वारा पडलेला होता आणि तरी उसात काहीतरी सरसरत होतं. थोरलीचं बोट उठायच्या आत मी माझं उचललं आणि माझ्या चुलत बहिणीवर रोखलं. मग त्या दोघींनीही तिच्यावरच रोखलं.

"तू गो?" बहीण मला म्हणाली.

"पा कोझे! गप! मेलेलं माणूस बोलत नाय," थोरलीने दटावलं.

ती गप्प झाली. आम्ही पानावर भात ठेवला आणि थांबलो. पण वादळानंतर पाखरं होती कुठे? आभाळ नुसतं रिकामं. संध्याकाळी आम्ही घरी गेलो तेव्हा भातावर मुंग्या होत्या. बहीण आमच्या मागून चालत आली, पावलांचा आवाज न करता.

घरी ती बोलली नाही. ताट पुढे केलं तर मागे सारलं. काका दिवसभर मोडका ऊस उचलून दमले होते, न जेवताच झोपले. माझी आई म्हणाली, "आईची आठवण येते गो तिला, राहू दे." सकाळी मला जाग आली तेव्हा तिच्या पायांवरची चादर सरकली होती. दोन्ही अंगठे पांढऱ्या दोऱ्याने एकत्र बांधलेले, काकीचे बांधले होते तसे. डोळे मात्र उघडे, छपराला लागलेले. मी दोरा दातांनी तोडला आणि कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईने माझीच पाठ शेकली असती.

ती उठली आणि सरळ दगडांकडे चालू लागली. थोरलीने तिला वाटेत पाहिलं मात्र, धाकटीचा हात धरून ती घरात पळाली. खेळ काढणारी पहिली पळाली. उरलो आम्ही दोघी.

मी ताजा भात ठेवला, तिच्यासमोर बसले आणि वचनं द्यायला सुरुवात केली. माझी लाल रिबन देईन. खिडकीकडची जागा देईन. शाळेत तुझी वही लिहीन. ती माझ्या आरपार बघत होती. साळुंकी आली नाही तर ही अशीच राहणार, खाणार नाही, बोलणार नाही आणि एक दिवस खरंच मरणार, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. मला इतका राग आला की मी तिला थोबाडीत मारली. तिची पापणीसुद्धा लवली नाही.

"काय मागतेस तरी काय?" मी रडत ओरडले. "मीच बोट केलं! मला मरायचं नव्हतं!"

माझ्याकडची वचनं संपली. मग मी नुसती बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं आणि कलायला लागलं. केव्हातरी एक साळुंकी दगडावर उतरली, वादळात शेपूट गमावलेली. वाकड्या उड्या मारत ती पानापाशी आली आणि तिने एक शीत उचललं.

बहिणीने मोठा श्वास घेतला, बुडता बुडता वर आल्यासारखा.

"साळुंकी येते गो," ती म्हणाली. "थांबलं की येते. आईसाठी कोण थांबलंच नाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही काकीच्या नावाने पान ठेवलं. दुपारी काका शोधत आले, संतापलेले. "हे काय चाललंय?"

ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "आईचं पान हाय. तुमी घाई केलीत, बाबा."

काकांचा हात वर गेला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काकांनी डोक्यावरची टोपी काढली होती आणि ते दगडांवर बसले होते, पानाकडे बघत. पाऊस आला तरी आम्ही तिघं उठलो नाही.

त्या दिवशी साळुंकी आली नाही. सकाळी आम्ही दोघी भात घेऊन पुन्हा गेलो, तर काका आमच्या आधी येऊन बसले होते.