पप्पा घरी नाहीत

माझ्या धाकट्या मुलीला खोटं बोलता येत नसे. शाळेत डबा संपवला नाही तर तीच घरी येऊन सांगायची. म्हणून त्या दिवशी दारात उभी राहून ती एका अनोळखी माणसाला "पप्पा घरी नाहीत, गावी गेलेत," असं सहज म्हणाली तेव्हा ओट्यापाशी उभी असलेली मी गारच पडले. तिचे पप्पा बाथरूममध्ये होते. नळ बंद करून, आवाज न करता बसलेले.

तो माणूस वसुलीवाला होता. पंचविशीतला असेल, पाठीला सॅक. "आले की फोन करायला सांग हां बाळा," म्हणाला आणि जाता जाता त्याने समोरच्या दाराची बेल वाजवून मोठ्याने विचारलं, "हे लोक इथंच राहतात ना? की पळाले?"

मी नवऱ्याला विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत तिला?"

तो टॉवेलने तोंड पुसत राहिला. मग म्हणाला, "काय सांगायला हवं होतं? बाप आत लपलाय म्हणून?"

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत तो सुपरवायझर होता. कंपनी बंद पडली, आणि पन्नाशीला आलेल्या माणसाला कोणी उभं करेना. वन बीएचकेचं कर्ज होतंच. त्याचे हप्ते भरायला त्याने पर्सनल लोन काढलं, आणि ते भरायला क्रेडिट कार्ड घासलं. मी ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. माझ्या पगारात किराणा, लाइट बिल आणि मुलींच्या फिया निघायच्या. हप्ते बाऊन्स व्हायचे, बाऊन्सचा दंड लागायचा, तोही बाऊन्स. वसुलीवाल्यांना दवाखान्याचा नंबर कुठून मिळाला कोण जाणे. डोळ्यांत थेंब घातलेले पेशंट समोर बसलेले असायचे आणि फोनवर कोणीतरी म्हणायचं, "मॅडम, दुसऱ्याचे पैसे खाऊन झोप कशी लागते?" मी "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायचे. आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारायचे.

पण मुलींना मी काही सांगितलेलं नव्हतं. थोरली बारावीला, धाकटी नववीत. त्यांना वाटायचं पप्पांची नोकरी गेलीय, मिळेल. त्या वसुलीवाल्यानंतरच्या रविवारी मी दोघींना पलंगावर बसवलं आणि टीव्ही बंद केला.

"मग नाय भरलं तर काय करणार ते?" थोरलीने लगेच विचारलं. "क्या उखाड लेंगे? जेलमध्ये टाकणार?"

"हप्ता थकला म्हणून कोणी जेलमध्ये टाकत नाही. पण तीन महिने थकला की बँक खातं बुडीत धरते. मग नोटीस येते. त्यानंतर घर."

"घर म्हणजे हे घर?" धाकटी म्हणाली.

"याचे कागद बँकेकडे आहेत गं. फिटेपर्यंत ते पूर्ण आपलं नसतं."

तिने आजूबाजूला पाहिलं. कपाटाकडे, खिडकीकडे, जणू ते सगळं आत्ताच कोणीतरी उचलायला येणार होतं. मी मात्र बोलत राहिले. व्याज म्हणजे काय, ते थकलं की त्यावरही कसं चढतं, कार्डाची किमान रक्कम भरत राहिलं तर मुद्दल जागेवरच कसं राहतं, प्रत्येकाच्या कर्जाची नोंद ठेवणारं सिबिल काय असतं. इतके दिवस एकटीने गिळलेलं सगळं बाहेर येत होतं. थोरली मोबाइलवर हिशोब करत होती. शेवटी तिने विचारलं, "या महिन्याच्या हप्त्याला किती कमी पडतायत?" मी आकडा सांगितला. बरं वाटलं, की पोरगी समजून घेतेय. हे फेडणं तुझं काम नाही, एवढं एकच वाक्य बोलायला मला सुचलं नाही.

दोनच आठवड्यांनी माझ्या फोनवर एका परक्या नंबरवरून फोटो आला. थोरलीचा. तिच्या गळ्यात पाटी अडकवल्यासारखं दाखवलं होतं आणि पाटीवर लाल अक्षरांत "चोर". खाली हिंदीत लिहिलं होतं, की ही मुलगी पैसे घेऊन पळाली आहे. तोच फोटो माझ्या बहिणीला गेला होता, थोरलीच्या क्लासच्या सरांना गेला होता, वर्गातल्या मुलींना गेला होता.

मी दवाखान्यातून तशीच निघाले. घरी पोचले तेव्हा ती बाथरूममध्ये होती, कडी लावून. धाकटी बाहेर उभी राहून रडत होती. "आई, ती बोलतच नाहीये."

मी दार वाजवलं. नवऱ्याने वाजवलं. आत काहीच आवाज नाही. मग मला कुठून बळ आलं माहीत नाही, मी खाली फरशीवर बसले आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाले, "मला काही विचारायचं नाहीये. पैसे गेले तर गेले. तू फक्त कडी काढ."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. कडी निघाली. तिचा चेहरा सुजला होता. "मला वाटलं, एक हप्ता भरला तर ते लोक येणार नाहीत," एवढंच म्हणाली.

तिने पप्पांच्या पॅनकार्डावर, त्यांच्याच मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून एका ॲपवरून कर्ज काढलं होतं. सेल्फी तिचा स्वतःचा. ॲपने मागितलं म्हणून तिच्या मोबाइलमधले सगळे कॉन्टॅक्ट देऊन टाकले. हातात आले ते सांगितल्याच्या जेमतेम अर्धे, आणि आठवड्याभरात ॲपवाले दुपटीने मागायला लागले. ते भरायला तिने दुसरं ॲप घेतलं होतं. तिच्या बापाने जे केलं तेच, फक्त काही दिवसांत.

आम्ही पोलिसांकडे गेलो. तिथल्या हवालदारांनी आवाज न चढवता सगळं ऐकून घेतलं. "आता एक रुपया देऊ नका," ते म्हणाले. "दिलात तर अजून मागतील. सगळ्या ओळखीच्यांना तुम्हीच आधी फोन करा." म्हणून त्या संध्याकाळी मी एकेका मुलीच्या आईला फोन लावून तेच तेच सांगत बसले. काहींनी धीर दिला. एकीने, "आमच्या मुलीला यात ओढू नका हं," म्हणून फोन ठेवला. त्यानंतर आमच्या घरात बाथरूमची कडी लावायची नाही, असा नियम झाला. धाकटी शाळेतून आली की आधी ताई कुठे आहे ते पाहायची.

फोटो यायचे थांबले, पण घर राहिलं नाही. बँकेने दारावर नोटीस चिकटवली. लिलावात मातीमोल जाईल म्हणून नवऱ्याने धावपळ करून गिऱ्हाईक आणलं, आणि बँकेला विचारून फ्लॅट विकला. घराचं कर्ज फिटलं. उरलं त्यात पर्सनल लोन आणि कार्डवाल्यांशी तडजोड केली. कल्याणजवळ मोहन्याला भाड्याची खोली घेतली. नवरा भिवंडीच्या एका गोदामात माल मोजायच्या कामाला लागला. थोरली कशीबशी बारावी झाली आणि म्हणाली, तिला डोळे तपासायचा कोर्स करायचाय. माझ्या दवाखान्यात लहानपणापासून यायची, त्यातूनच मनात भरलेलं.

शैक्षणिक कर्जासाठी आम्ही तिघं कल्याणच्या एका बँकेत गेलो. साहेबांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. "हे बघा, 'सेटल्ड' लिहिलंय. म्हणजे पूर्ण भरलेलं नाही, तडजोड झालीय. घराच्या कर्जात मॅडम, तुमचंही नाव आहे, त्याचेही हप्ते थकलेले दिसतायत. आईवडील दोघंही असे असले तर माझ्या हातात काही राहत नाही."

नवऱ्याने हात जोडले. भर बँकेत. "साहेब, चूक माझी आहे. तिची नाही. तिच्या नावावर बघा ना काहीतरी."

"तिचं उत्पन्न कुठाय, काका?"

थोरली मान खाली घालून ऐकत होती. मग तिने विचारलं, "सर, हे लिहिलेलं पुसलं कधी जातं?"

"काही वर्षं तरी राहतंच, बेटा."

ती आकडेमोड करत असावी. बोटं ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. बाहेर आल्यावर नवरा रस्त्यातच थांबला. तिला म्हणाला, "मी अजून एकीकडे विचारतो. गोदामाचे मालक ओळखतात मला."

"पप्पा, कोणाकडूनही घेऊ नका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

आता ती कल्याणच्या कॉलेजात बी.कॉम.ला जाते, आणि दुपारी एका औषधांच्या दुकानात बिलं करते. मिळतात त्यातले पैसे माझ्या हातात ठेवते. मी नको म्हणते, ती ठेवून निघून जाते. तिच्याशी काय बोलावं ते मला समजत नाही. पैशाचं जेवढं शिकवायचं होतं, त्याहून कितीतरी जास्त ती शिकून बसलीय. बाकीचं काही शिकायला आता तिला वेळ नसतो.