पट्टीशिवाय चौरस

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरुवैयारूहून तंजावूरला परतणाऱ्या बसमध्ये उभी होते आणि मनातल्या मनात त्यांच्याशीच भांडत होते. सकाळी निघताना खाण्यावरून आमची जुंपली होती, रोजच्यासारखी. फोन शेजारच्या सरोजाचा. "मामी, अक्का..." एवढंच ती बोलली. घरी पोचले तर तिनं त्यांना पलंगावर निजवलं होतं, डोळे मिटलेले, बोटांना पेन्सिलीचं काळं लागलेलं. आधी मला रागच आला, खरं सांगते. एवढी कसली घाई होती? रडू मागाहून आलं, आणि मग आवरेना.

अंबूअक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. मी सांगलीकडची, लग्न होऊन राजवाड्यामागच्या या बोळात आले तेव्हा त्यांची तमिळ चालीवरची जुनी मराठी ऐकून मला हसू फुटायचं, आणि माझी ऐकून त्यांना. "काय गे तुझं बोलणं, सारखं भांडल्यासारखं!" म्हणायच्या. पुढे हे गेले, आमची मीना नोकरीला बंगळूरला गेली, आणि घरात आम्ही दोघीच उरलो. भांडायला तेवढं माणूस पुरतं.

भूमितीचं आणि माझं कधी जमलं नाही. शाळेत नुसता त्रिकोण दिसला तरी मी वही मिटायची. अक्कांचा मात्र वर्तुळातल्या चौरसावर भारी जीव. नव्या वर्गाला पहिल्या तासाला तोच. गोल काढा, पानभर काढा, कंजूषपणा नको. मधून व्यास मारा, त्याला काटकोनात दुसरा व्यास मारा, चार टोकं जोडा, झाला चौरस. मग प्रश्नांची सरबत्ती: व्यास एवढा तर बाजू केवढी, कडेला उरलेल्या चार फाकांचं क्षेत्रफळ किती. एखादीनं उत्तर आधी फोडलं की तिची धडगत नसे. भाजीबाजारात केस पिकलेल्या विद्यार्थिनी त्यांना बघून शेवटपर्यंत पदर सारखा करायच्या, ते काही उगाच नाही.

मग हातांना कंप सुटला. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, सकाळची गोळी लागू पडली की तासभर हात त्यातल्या त्यात बरे राहतील. तेवढ्यात अंघोळ, वेणी, खाणं त्यांचं त्यांना करू द्या. त्या तासाला आम्ही 'चांगला तास' म्हणायला लागलो. पहिल्याच दिवशी अक्कांनी त्या तासात काय केलं? रोजच्या कॅलेंडरचं फाडलेलं पाठकोरं पान उलटं करून मेजावर ठेवलं, गोल काढला, आणि व्यास मारायला पट्टी घेतली. एका हातानं पट्टी दाबायची, दुसऱ्यानं रेघ ओढायची. पट्टी सरकली. पुन्हा धरली, पुन्हा सरकली. अक्कांनी ती खिडकीतून सरळ बोळात भिरकावली. मी आणायला उठले तर म्हणाल्या, "राहू दे तिकडेच. कंपासाची सुई एकदा रुतली की गोल येतो न? मग मी चौरससुद्धा कंपासानंच काढीन."

"अहो, पण चौरसाला सरळ रेघा लागतात!"

"कोपरे सापडले की चौरस सापडला. रेघा कशास?"

तेव्हापासून आमच्या घरात रणकंदन. चार कोपऱ्यांपैकी दोन त्यांनी चुटकीसरशी काढले. त्रिज्येइतका कंपास उघडून वर्तुळावर पावलं टाकत गेलं की सहा खुणा पडतात. पहिली आणि चौथी अगदी समोरासमोर. म्हणजे वरचा कोपरा आणि खालचा. अडलं ते डाव्या-उजव्या कोपऱ्यांशी. सहा खुणांतली एकही तिथं पडत नाही. पानामागून पान जाई, चांगला तास संपे, हात पुन्हा थरथरू लागत, आणि मग सांबारभाताचा घास मी भरवायचा. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला आपल्या पेल्यात पाणी ओतू दिलं नाही, तिला! मला ते बघवत नव्हतं. मी आदळआपट करायची, ताट सरकवून ठेवायची, एकदा तर कंपास डाळीच्या डब्यात लपवला. त्यांनी तो शोधून काढला, डाळ झटकली आणि पुन्हा मेजाशी बसल्या.

पोंगलला मीना आली. तिनं फोनवर शोधलं, पाहते तर उत्तर हजर. आत्यासमोर ती नुसती ओठ दाबून हसत बसली. मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "सांगून टाक एकदाचं. निदान चार घास तरी आपल्या हातानं खातील." अक्कांचे कान मात्र शाबूत होते. दारात येऊन उभ्या राहिल्या, चौकट धरून, सबंध हात हलत होता.

"सुभद्रा, पोदुम," म्हणाल्या. पुरे. "भात तू भरव, मला लाज नाही. चौरस मज माझ्याच हातचा हवा."

त्या दिवसापासून मी ताट घेऊन मुकाट बसायला लागले. म्हणजे, जमेल तितकं मुकाट.

आणि एका सकाळी ते झालं. त्यांनी पहिल्या खुणेपासून तिसरीपर्यंत कंपास ताणला, सुई वरच्या कोपऱ्यावर रोवली आणि कंस ओढला. पान संपलं की हात थांबवायचा, ही त्यांची सवय; पण तास सरत आला होता, हात ऐकेना, पेन्सिल पानावरून घसरून मेजाच्या लाकडावर गेली. मी म्हटलं, "अय्यो, मेज!" अक्कांनी खालच्या कोपऱ्यावरून तसाच कंस ओढला, मुद्दाम पानाबाहेर. लाकडावर दोन्ही एकमेकांना छेदले. केंद्रापासून त्या फुलीपर्यंत कंपास उघडला आणि वर्तुळावर चालवत नेला: एक, दोन, तीन, चार... चौथं पाऊल पुन्हा वरच्या कोपऱ्यावर!

"बाहेर होतं गे," त्या म्हणाल्या. "जन्मभर पोरींना सांगितलं, गोल पानभर काढा. पानभर काढला तर बाहेरचं दिसायचं कसं?" आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की मला रडू फुटलं. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातून दोन वाट्या पायसम खाल्लं.

मला वाटलं, चला, उद्यापासून तो तास जेवणाला मिळेल. कसलं काय! दुसऱ्या सकाळी गोळी लागू पडते न पडते तोच नवं पान मेजावर. "आता पाच कोपरे." मी कपाळाला हात लावला. पुढचे काही आठवडे तेच चाललं होतं, आणि मी तिरुवैयारूला गेले त्या सकाळीही.

पाच कोपरे राहिलेच. मेज आहे, कंपास आहे, कॅलेंडरची पानं रोज फाटतातच. सकाळची भांडी आवरली की मी तिथं बसते. का, ते मला विचारू नका. त्रिज्येनं चाललं की सहाच पावलं पडतात, एवढं मला आता कळतं. पाच पाडायची कशी, ते मेलं काही केल्या सुचत नाही. परवा मीना फोनवर म्हणाली, "आई, शोधून सांगू का?"

"तोंड उघडशील तर याद राख," मी म्हटलं, आणि फोन ठेवून पुन्हा सुई रोवली.