कंधारचं पाणी

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी झाला नव्हता. अशा दिवसांत आमच्या आप्पांना सहलीला जायची लहर आली. नांदेडचं कापडाचं दुकान बंद ठेवून जो माणूस सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाला गेला नाही, त्यानं एका सकाळी मित्राची अँबॅसिडर ड्रायव्हरसकट दारात उभी केली आणि फर्मावलं, "चला, कंधारचा किल्ला बघू, तळं बघू, उदगीर करून येऊ." आईनं ठेवणीतलं पातळ काढलं. मी कॉलेजच्या नाटकातला नायक होतो. मी काळा चष्मा लावला.

लोहा मागं पडल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. चाकूरच्या पुढं आप्पांचं गाव होतं. मी जन्मायच्या आधीच ते तलावात गेलं होतं. त्या उन्हाळ्यात तलाव पहिल्यांदा तळापर्यंत आटला आणि आप्पांच्या आईची समाधी उघडी पडल्याचा निरोप आला. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. आप्पा आठ वर्षांचे असताना ती गेली, आणि तेव्हापासून ती तिथं बसलेलीच होती.

"बघा की," मी म्हणालो, "आजी जागची हलली न्हाई, अन् उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्ह्यात आली."

ड्रायव्हरचाचा हसले. आप्पा हसले नाहीत. "पाऊस पडला की पुन्हा बुडंल ती," ते म्हणाले. "त्याच्याआधी तिला माहेरचं पाणी घालायचंय."

तिचं माहेर कंधार. म्हणून कंधार.

किल्ला आम्ही पाहिला. खंदकाच्या तळाशी शेळ्या चरत होत्या. तळ्याचं नाव मोठं, पण भेगाळलेल्या गाळात बायकांनी खणलेले झिरे तेवढे होते. एकेका खड्ड्यापाशी एकेक बाई बसून वाटीनं पाणी टिपत होती. आप्पांनी फिरकीचा तांब्या पुढं केला.

"प्यायला न्हाई मिळायचं, दादा," एक म्हातारी वर न बघता म्हणाली. "लेकरं वाट बघून राहिलेत."

"प्यायला नको. माझी माय इथली. तिच्या समाधीवर घालायचंय."

म्हातारीनं मान वर केली. "कंधारची लेक हाय व्हय? मग बसा." तासभर ते दोघं त्या खड्ड्याशी बसले. तांब्या भरला तेव्हा तिनं आप्पांच्या तळहातावर चार थेंब टाकले. "चाखा. खारट हाय. पर तिला ओळखीचं लागंल."

तेवढ्या वेळात मी काय केलं? उन्हानं वैतागून गाडीतला पाण्याचा कॅन काढला आणि सगळा डोक्यावर ओतला. केस झटकले, चष्मा पुसला. बायका बघत होत्या. मला वाटलं, चष्म्याकडे बघतायत.

अहमदपूरच्या पुढं बॉनेटमधून वाफ आली. "छोटे सेठ, गाडी पानी मांग री," चाचा म्हणाले. कॅन कोरडा. मागंपुढं गाव नाही. आप्पा बाभळीखाली उपरणं तोंडावर घेऊन पडले आणि त्यांचा डोळा लागला. तांब्या मागच्या सीटवर होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

"नको," चाचा म्हणाले. "अम्मा का पानी है वो. गुनाह हुईंगा."

"इथंच बसायचं मग जन्मभर?" मी म्हणालो आणि फिरकी उघडली. तासाभराचं पाणी रेडिएटरनं दोन घोटांत संपवलं. आई सीटवरून बघत होती. तिनं पदर तोंडाशी धरला. आप्पा उठल्यावर मी सांगितलं, इंजिन निवलंय.

चाकूरला टँकर लागला होता. माणसं तुटून पडली होती. "चहा सांगून येतो," म्हणत मी उतरलो, तांब्या शर्टाखाली. रांगेत घुसून मी असा हंबरडा फोडला, की बक्षीस मिळालेल्या प्रयोगातही तसा फोडला नव्हता. "माझे वडील बेशुद्ध पडलेत हो! तांब्याभर द्या!" एका बाईनं निमूट आपल्या घागरीतलं दिलं. आप्पा गाडीत बसून चहाची वाट बघत होते.

ही गोष्ट मी लग्नांत, बारशांत, प्रवासांत शेकडो वेळा सांगितली आहे. हंबरड्याशी लोक लोटपोट होतात आणि मी तिथंच थांबतो. पुढचं सांगत नाही.

तलावात मेलेल्या माशांचा वास होता. घरांच्या भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या. आप्पा विहिरीपासून पावलं मोजत गेले आणि एका ओट्यापाशी थांबले. नखांनी गाळ खरवडला, आडवा पडलेला लिंगाचा दगड उभा केला, भस्म लावलं, नांदेडहून आणलेली बेलाची पानं वाहिली. मग तांब्या उघडला.

"माय, कंधारचं पाणी आणलंय. तुझ्या माहेरचं."

त्यांचा आवाज आठ वर्षांच्या पोरासारखा आला. खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि दोन हजार माणसांसमोर न अडखळणारा मी चष्मा काढून पुसू लागलो. पाणी दगडावरून घरंगळलं आणि भेगेत गेलं. मला टँकरमधल्या जंतुनाशकाच्या भुकटीचा वास आला.

शेवटचं पाणी आप्पांनी तीर्थ म्हणून सगळ्यांच्या हातावर दिलं. चाचांनी डोळे मिटून घेतलं. आईनं घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी आपला घोट तोंडात बराच वेळ धरला. मग गिळला.

"चला," म्हणाले. "उदगीर राहिलं."

उदगीरच्या किल्ल्यात आप्पा एकटेच पुढं चालत राहिले. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. आप्पांच्या हयातीत तो पुन्हा तळापर्यंत आटला नाही.

शेवटच्या आजारात त्यांना मी चमच्यानं पाणी पाजत असे. एका दुपारी त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"कुठलं हाय?"

"तुमच्यासाठी खास..." मी सवयीनं सुरू केलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"नळाचं हाय, आप्पा."

"मग दे," ते म्हणाले.