दाढ काढली, सोबत कोणी नव्हतं

दोस्तहो, आज माही अक्कलदाढ काढली. पूर्ण वर आलीच नव्हती, हिरडीतच आडवी होती. डॉक्टरनं हिरडी कापून, तुकडे करून काढली.

आधी त्यानं विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

मी म्हटलं, "भाऊ आहे, खाली गाडी लावून राहिला." इथं चाकणले माहं कोणीच नाही.

निघताना दाढेचे तुकडे मागून घेतले. डॉक्टर हसला. आमच्या भातकुलीकडं पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून घरावर फेकतात. लहानपणी माय फेके. इथं मी भाड्याच्या खोलीत, वरतं घरमालक. कोणाच्या घरावर फेकू?

तेवढ्यात मायचा फोन आला. तोंडात कापूस, म्हणून नुसतं हं-हं केलं.

"काहून बोलत नाही रे? रुसला का?"

कापूस काढून कसंबसं सांगितलं.

"अन् सोबत कोण होतं?"

तिले खोटं सांगता आलं नाही. "कोणीच नाही," म्हटलं. मग माय म्हणे, "दाढ तिथं कुठं फेकू नको. घरी घेऊन ये, आपल्याच घरावर फेकू."

दाढेच्या तुकड्यांची पुडी उशाशी ठेवली आहे. बाहेरगावी राहणाऱ्यांनो, दवाखान्यात सोबत कोण आहे असं विचारलं, तर तुमी काय सांगता?