छत्रीला दिलेलं मत

आमच्या माजी आमदारांच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरला आणि समितीची दोन माणसं एक फुगलेली फाईल घेऊन माझ्या दारात आली. "बाई, तुम्ही हायस्कूलला मराठी शिकवता. साहेबांचा परिचय तुम्हीच लिहा. चार पानं फक्त." लोकांना चार पानं म्हणजे चार पापड वाटतात. पण मी नाही म्हटलं नाही. त्या माणसाबद्दल चार पानं लिहायला मला बोलावलंच नसतं, तर मी रुसून बसले असते.

कारण सांगते. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावची बौद्धवाडी. गाव पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे, आमची वाडी पलीकडे, आणि शाळा अर्थातच गावात. उन्हाळ्यात त्या पऱ्यात पायाचा अंगठा भिजत नाही. पावसाळ्यात मात्र तो असा काही फुगतो की म्हैससुद्धा काठावर उभी राहून विचार करते. जूनमध्ये पाऊस लागला की आमची शाळा बंद, ती गणपती होऊन गेल्यावर सुरू. मुलगे तरी कधी पोहून जात. मुलींना घरी बसवत. माझ्यापुढच्या दोघीतिघी अशाच घरी बसल्या त्या बसल्याच, मग त्यांची लग्नं झाली. मी आठवीत होते. पुढचा नंबर माझाच होता.

त्याच वर्षी हे आमदार पहिल्यांदा निवडून आले. आधी एकदा पडले होते. निवडून आल्यावर हार घालून घ्यायला वाडीकडे आले आणि पऱ्याच्या गुडघाभर पाण्यापाशी अडकले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून, चपला हातात धरून आमच्यात आले आणि म्हणाले, "हार राहू द्या. आधी साकव बांधू." म्हणायला सगळेच म्हणतात हो! पण पुढच्या पावसाच्या आत साकव उभा राहिला. दोन्ही काठांना चिऱ्याची भिंत, वर स्लॅब, दोन माणसं शेजारून जातील एवढी रुंदी. त्या एवढ्याशा पुलावरून मी दहावीला गेले, बारावीला गेले, बीएड झाले. आज माझ्या हातात खडू आहे तो त्यामुळे. ह्यात अतिशयोक्ती काढून दाखवा कोणी, मी पेपर तपासायला बसवते त्याला.

पुढच्या निवडणुकीला मी कॉलेजात होते. आईला आणि वाडीतल्या बऱ्याच बायकांना सही करण्यापुरतंच लिहिता यायचं. आमदारांच्या पक्षाची निशाणी छत्री. मग मीच कंबर कसली. विहाराच्या ओट्यावर सगळ्यांना बसवलं, कोळशाने ही मोठी छत्री काढली आणि बजावलं, "नावं वाचायला जाऊ नका, गोंधळ होईल. बाकी काय बघू नका. छत्री दिसली की मारा शिक्का." आठ दिवस घोकून घेतलं. पाणी भरताना विचारायचे, भात झोडताना विचारायचे. "काय बघायचं?" "छत्री!" ही माझ्या आयुष्यातली पहिली शिकवणी, आणि निकाल शंभर टक्के. त्या खेपेला आले, त्याच्या पुढच्या खेपेलाही आले. तोवर शिक्का जाऊन मशीन आलं होतं, पण छत्री तीच.

पाचव्या निवडणुकीला मात्र सगळं उलटंपालटं झालं. पक्षात भांडणं झाली, तिकीट दुसऱ्याला मिळालं, छत्री त्याच्याकडे गेली. आमचे आमदार अपक्ष उभे राहिले, निशाणी कपबशी. पडले. अगदी थोडक्यात पडले, एखाद्या वाडीची मतं इकडची तिकडे झाली असती तर आले असते. मग परत कधी उभे राहिले नाहीत.

फाईलमध्ये समितीने मुद्दे काढून दिले होते. पाच निवडणुका, तीन विजय, दोन पराभव. शेवटच्या पराभवापुढे कोणीतरी निळ्या शाईने लिहिलं होतं, 'आपल्याच माणसांच्या विश्वासघातामुळे.' मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. ही आपलीच माणसं कोण, ते मला पक्कं माहीत होतं. त्या निवडणुकीनंतर केंद्रावरचे आकडे बाहेर आले, आमच्या केंद्रावर छत्री पुढे निघाली, आणि देवरुखच्या स्टँडवर त्यांचा एक कार्यकर्ता माझ्या तोंडावर म्हणाला होता, "तुमची वाडी फितूर झाली, बाई." मी त्याला भर स्टँडवर असं फाडलं होतं की कंडक्टरने बेल मारायची सोडून ऐकत राहावं. पण घरी येताना मनात आलंच होतं, मग छत्री पुढे गेली कशी? मतदानाच्या दिवशी मी दापोलीकडे निवडणूक ड्युटीवर होते. मला काहीच ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही. उत्तराची भीती वाटली.

ही फाईल आली तेव्हा आई माझ्याकडे रत्नागिरीत राहायला आली होती. खाली बसून सुकट निवडत होती. वाडीतल्या बायका साहेबांना भाऊच म्हणत. म्हणाली, "वाच की मोठ्यानं. काय लिहिलंय भाऊंचं?" मी वाचत गेले आणि त्या निळ्या ओळीवर आले. आईचा हात सुपात थांबला.

"विश्वासघात म्हणजे आपण काय गो?"

"हो. आपणच."

तिने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मी छत्रीलाच दिलं होतं."

"आई!"

"सगळ्यांनीच दिलं. भाऊंची निशाणी छत्री ना? तूच शिकवलंस."

तेव्हा मशीनवर उमेदवाराचे फोटो नव्हते, नुसतं नाव आणि निशाणी. वाडीतले बापये अर्धे मुंबईला, उरलेले लोट्याला कंपनीत. कार्यकर्ते एकदा आले, 'ही वाडी काय आपलीच आहे' म्हणून पऱ्याच्या अलीकडेच गावात कपबशीचे कागद ठेवून गेले. मी स्वतः त्या धामधुमीत वाडीत गेलेच नव्हते. मी विचारलं, "अगं, कपबशी नाही दिसली तुला मशीनवर?"

"दिसली की! म्हटलं कोण मेला चहावाला उभा राहिलाय."

मला हसू आलं आणि रडूही आलं. पण पुढचं ऐकलं आणि हसू पार गेलं. निकालाच्या दिवशी संध्याकाळी गावात फटाके वाजले. कोणीतरी ओरडलं, छत्री आली! आमच्या वाडीच्या बायका ताटं घेऊन ओवाळायला धावत सुटल्या. साकव ओलांडून गावात गेल्या, गुलालाने माखलेल्या जीपसमोर उभ्या राहिल्या. आई सगळ्यांच्या पुढे. तिने ताट वर केलं, आणि जीपमध्ये दुसराच माणूस उभा. अनोळखी. हात जोडून हसत होता.

"मी ओवाळलं त्याला," आई म्हणाली. "काय करणार? ताट हातात होतं. परत येताना साकवावर सगळ्या थांबलो. मग ठरवलं, कुणाला सांगायचं नाय. पोरांना पण नाय. लोक हसतील त्याचं काय नाय गो. पण भाऊंना कुठल्या तोंडानं सांगायचं?"

इतकी वर्षं हे पोटात ठेवून बसली होती. वाडीला कोणी फितूर म्हटलं की खाली मान घालून ऐकून घ्यायची. मी तिला लेकीच्या तोऱ्यात दहादा सुनावलं असेल, तू गप्प का बसतेस म्हणून.

"ह्या ओळीचं काय करणार?" तिने विचारलं.

"खोडून टाकते. कोण बघतंय!"

"खोडून काय होणार? त्यांच्या मनात तीच ओळ असेल ना. मला घेऊन चल त्यांच्याकडे. ते आहेत, मी आहे, तोवर सांगते. फितूर म्हणून मरायचं नाय मला."

मी तिला समजावायला गेले. म्हटलं, ते पंचाहत्तरीचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कशाला जुनी खपली काढायची? त्यांना कळलं की मोठं राजकारण नव्हतं, बायकांच्या चुकीने आपण पडलो, तर आणखी वाईट वाटेल. आई म्हणाली, "वाटू दे. पण खरं वाटू दे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेलो. आईने पांढरं पातळ नेसलं होतं, जयंतीला नेसते ते, आणि हातात कुळथाच्या पिठाची पिशवी. साहेब पडवीत खुर्चीवर बसले होते. वाळलेत, पण आवाज तोच. आईला ओळखलं. "या बाय, बसा." बोलणं गोडच, पण आमची वाडी म्हटल्यावर तोंडावर जरासं काहीतरी येऊन गेलं. मी शिक्षक आहे, पोरांच्या तोंडावरचं वाचायची मला सवय आहे.

मी परिचय वाचायला लागले. पहिला पराभव झाला, तीन विजय झाले. पाचव्या निवडणुकीवर मी आले तशी आई खुर्चीतून उठली आणि हात जोडून उभी राहिली.

"भाऊ, आमच्या वाडीनं दगा नाय केला. आम्हाला कपबशी कळली नाय. तुमचं म्हणून छत्रीला दिलं. सगळ्या बायकांनी."

मग जीपचं, ओवाळण्याचं, सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. मी मध्येच म्हटलं, "चूक माझी साहेब. मीच त्यांना शिकवलं होतं, बाकी काही बघू नका म्हणून."

त्यांनी मान वळवून अंगणाकडे बघितलं. मला वाटलं झालं, आता दुखलं ह्यांना. पण आई तिथेच थांबली नाही. म्हणाली, "मग तुम्हाला आम्ही फितूर वाटत होतो, तरी साकव पडला तेव्हा आलात कसे?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! त्यांच्या पराभवानंतरच्या पावसात साकवाची एका बाजूची भिंत वाहून गेली होती. नवा आमदार फिरकला नाही. हे आले. पद नाही, गाडी दुसऱ्याची. बांधकामच्या ऑफिसात चार चकरा मारल्या, साहेबलोकांशी भांडले आणि भिंत उभी करून घेतली. माझी सगळ्यात धाकटी बहीण त्या वर्षी दहावीला होती.

"राग होता," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? गाडीत बसतानाच ठरवलं होतं, भिंत बघायची आणि फिरायचं. तुमच्याकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही. प्यायलो पण नाही."

"नाय प्यायलात. आम्हाला वाटलं घाई आहे."

"पण पोरी काठावर दप्तरं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काय मत दिलं होतं मला?"

मग त्यांनी आत हाक मारली. "अगो, बाहेर ये. बौद्धवाडी आपल्याकडेच होती!" त्यांच्या पत्नी ओल्या हातानेच बाहेर आल्या. त्यांना सगळं परत सांगितलं. त्या आईजवळ येऊन बसल्या, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "मी फार शिव्या घातल्या हो तुम्हाला. हे मात्र कधी नाही बोलले. नुसते तो केंद्रावरच्या आकड्यांचा कागद काढून बघायचे."

साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते आणि हसतही होते. "म्हणजे बाय, मला पाडलं कोणी, तुम्हीच ना?"

"आम्हीच पाडलं, भाऊ," आई म्हणाली. "पण मत तुम्हालाच दिलं होतं."