वायफायच्या कारभाऱ्याचं वजन

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सहायक म्हणून काढलेल्या त्या गृहस्थांना सगळे छटाकराव म्हणत. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं, प्राध्यापकांनी उचललं, आणि शेवटी खुद्द आईसुद्धा चिडली की त्याच नावाने हाक मारू लागली. नावात खोटं काही नव्हतं. काचेच्या पेटीतल्या तराजूवर मिलिग्रॅम मोजता मोजता या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू गरजेपेक्षा जड वाटू लागली होती. शर्टाच्या कॉलरमागची कापडी पट्टी ते ब्लेडने उसवून काढत. दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धाच ठेवलेला. एकदा प्रवासाला निघताना त्यांनी कादंबरीची वाचून झालेली शंभर पानं फाडून घरी ठेवली, तेव्हा बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

या सगळ्याची एक वही होती. वस्तू कोणती, आधी वजन किती, आता किती. स्वतः छटाकराव अडुसष्ट किलोंचे होते, पण ती नोंद वहीत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

कॉलेजने दहा जुने लॅपटॉप भंगारात काढायचं ठरवलं तेव्हा छटाकरावांनी ते मागून घेतले, त्यांच्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली बसवली आणि त्यांना पुन्हा कामाला लावलं. तिथून त्यांना नवा तराजू सापडला. कोणता प्रोग्राम किती मेमरी अडवून बसलाय याची यादी ते उघडत, आणि खानावळीच्या मालकाने चौथ्यांदा भात मागणाऱ्याकडे बघावं तसे त्या यादीकडे बघत बसत.

त्या यादीत त्यांच्या डोळ्यात सगळ्यात जास्त खुपला तो वायफाय सांभाळणारा प्रोग्राम. आसपास कुठलं वायफाय आहे ते शोधायचं, पासवर्ड द्यायचा, जोडणी तुटली तर परत जोडायची, एवढंच त्याचं काम. छटाकराव त्याला कारभारी म्हणत. लिनक्सवर हा कारभारी आपल्या मर्जीने निवडता येतो हे कळल्यावर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. चार महिने त्यांनी स्थळं बघावीत तसे कारभारी बघितले. पहिला कोपऱ्यात चित्र दाखवणारा, खिडक्या उघडणारा, न विचारलेल्या चार गोष्टीही जाणणारा. त्याचं नाव त्यांनी जाडोबा ठेवलं. दुसरा मधला, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मधल्यांचं नशीबच तसं. तिसरा मात्र काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केल्याशिवाय हू की चू न करणारा, जेमतेम सहा एमबी खाणारा. तो काडीपैलवान. छटाकरावांचा जीव त्याच्यावर जडला. कॉलेजच्या दहाही लॅपटॉपवर त्यांनी जाडोबाला हाकलून काडीपैलवान बसवला.

अकरावा लॅपटॉप घरी होता, बायकोचा. तिथे अजून जाडोबाच होता, कारण बायकोने हात लावू दिला नव्हता. ती मुद्रितशोधक. म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका लाल शाईने काढणारी. तिने लॅपटॉपच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली होती: 'चालतंय', आणि त्या शब्दाखाली ठिपक्यांची ओळ. तिच्या धंद्यात त्या ठिपक्यांचा अर्थ, आहे ते तसंच राहू द्या, कापू नका. छटाकरावांनी तिचा मान राखला, तो इतकाच की चिठ्ठीचं वजन केलं नाही.

मुद्रितशोधक होती म्हटलं पाहिजे खरं तर. बारा वर्षांपूर्वी छटाकरावांची आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि दीड वर्ष अंथरुणाला खिळली. सुनेने छापखान्यातून रजा घेतली, मग रजा वाढवली, मग छापखान्याने दुसरी बाई ठेवली. आई काठी टेकत उभी राहिली, पण सुनेला परत कुणी बोलावलं नाही. घरात या विषयावर कुणी बोलत नसे. छटाकरावांच्या मनाला मात्र ही गोष्ट लागून होती, आणि ती कुठल्याच तराजूवर ठेवता येत नव्हती.

आणि या वर्षी एका शालेय पुस्तकांच्या प्रकाशनाला मुद्रितशोधक हवा होता. बायकोने अर्ज केला. लेखी परीक्षेत ती पास झाली. आता बुधवारी सकाळी अकराला लॅपटॉपवर समोरासमोर मुलाखत, आणि त्यांचे लोक बघत असताना पडद्यावरची चार पानं तपासायची. तपासणीचा प्रोग्राम त्यांनी याच लॅपटॉपच्या नावाने आधी नोंदवून घेतला होता. पडद्यावर लाल पेनाचा काही उपयोग नव्हता, तरी तिने नवं लाल पेन आणलं.

बुधवारी छटाकरावांनी मदतीला म्हणून रजा टाकली. साडेनऊला बायको चष्म्याच्या दुकानात नवा चष्मा आणायला गेली, आणि छटाकराव लॅपटॉपसमोर एकटे राहिले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. त्यांनी यादी उघडली. जाडोबा अठ्ठावन्न एमबी अडवून बसला होता. म्हातारा लॅपटॉप, त्यात मुलाखतीचं चित्र, त्यात तपासणीचा प्रोग्राम. ऐन वेळी याला धाप लागली तर? बारा वर्षांनी आलेली संधी या ढेरपोट्यापायी जायची. त्यांची भीती खरी होती. हाताची खाजही तितकीच खरी होती.

प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं एक नियम त्यांनी पोरांच्या डोक्यात घातला होता: आधी भांडं धुवायचं, मगच नवं द्रावण ओतायचं. त्या नियमाने त्यांनी जाडोबाला काढायचा हुकूम दिला. लॅपटॉपने अदबीने विचारलं, याच्याबरोबर आलेलं आणि आता न लागणारं सामानही काढू का? छटाकराव म्हणाले, काढ. भांडं कसं लख्ख झालं पाहिजे. मग त्यांनी काडीपैलवानाला बोलावणं धाडलं.

काडीपैलवान इंटरनेटवरून यायचा होता, आणि इंटरनेट आणणाऱ्याला छटाकरावांनी नुकतंच घराबाहेर काढलं होतं.

पडद्यावरचं उत्तर त्यांनी तीनदा वाचलं. कॉलेजात हे दहा वेळा बिनबोभाट झालं होतं, कारण तिथे प्रत्येक टेबलावर इंटरनेटची वायर होती. घरात वायर नव्हती. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणाऱ्याला निदान खाली पडेपर्यंत थोडा वेळ मिळतो. छटाकरावांना तोही मिळाला नाही.

मोबाइल चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडून त्याचं इंटरनेट घ्यावं, असं त्यांच्या मनात आलं. वायर जोडली. मोबाइल चार्ज होऊ लागला, बाकी काही झालं नाही. तेव्हा त्यांना आठवलं की घरातल्या दोन्ही जाड वायरी देऊन त्यांनीच या दोऱ्यासारख्या बारीक वायरी आणल्या होत्या. अकरा ग्रॅमची बचत, वहीत नोंद आहे. त्यातून फक्त वीज जात होती.

सव्वादहाला बायको नवा चष्मा लावूनच आत आली. नव्या चष्म्यातून तिला पहिली वस्तू दिसली ती नवऱ्याचा चेहरा.

"काय काढलंत?" तिने विचारलं.

छटाकरावांनी सगळं सांगितलं, भांडं धुण्यापासून. ती खुर्चीवर बसली. आरडाओरडा करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"बारा वर्षांनी कुणीतरी मला विचारतंय," ती म्हणाली, "आणि तुम्हाला कोपऱ्यातलं एक चित्र जड झालं."

"चूक झाली माझी," छटाकराव म्हणाले. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. हे वाक्य घरात पहिल्यांदाच ऐकू आलं. आतल्या खोलीतून आईने विचारलं, कोण आलंय?

बायकोने डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि कामाचं विचारलं: इंटरनेटवाल्याने दिलेली ती लांब वायर कुठे आहे? छटाकरावांनी गॅलरीकडे बघितलं. आठ मीटर वायर कशाला, म्हणून त्यांनी ती गेल्या वर्षी कापली होती. मोठा तुकडा आईने गॅलरीत बांधला होता आणि त्यावर टॉवेल वाळत होते. त्याच्या टोकांना आता प्लग नव्हते, आणि ते बसवायचा चिमटा कॉलेजात. उरली होती ती हातभर वायर, आईच्या खोलीत, भिंतीवरच्या डबीतून वायफायच्या डबीत जाणारी. वायफायची डबी आईच्या उशाशी होती, कारण तिचे हिरवे दिवे लुकलुकताना बघून आईला सोबत वाटे.

मग घरात एकच धांदल उडाली. औषधांचं छोटं टेबल भिंतीला लावलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, बायको आईच्या पलंगाच्या कडेला बसली. छटाकरावांनी वायफायच्या डबीतलं टोक उपसून लॅपटॉपमध्ये खुपसलं आणि काळ्या पडद्यावर पाठ असलेल्या चार ओळी हाताने टाइप केल्या. कारभाऱ्याचं सगळं काम त्या चार ओळींनी केलं. इंटरनेट आलं. दोन सेकंदांनी गेलं. टोकाला पकडून ठेवणारी प्लास्टिकची जीभ तुटलेली होती. छटाकरावांनीच कधीतरी भंगारातलं टोक बसवलं होतं, आणि डबीत ते कसंबसं टिकून होतं. लॅपटॉपमध्ये ते बोटाने दाबून धरलं तरच इंटरनेट चाले.

काडीपैलवानाला बोलावून बसवण्याइतका वेळ आता उरला नव्हता. अकराला दोन मिनिटं कमी असताना छटाकराव टेबलाखाली गुडघ्यांवर बसले आणि हात वर करून त्यांनी टोक दाबून धरलं. आईला पायथ्याकडे सरकवून पांघरूण गळ्यापर्यंत दिलं आणि सांगितलं, काही झालं तरी बोलायचं नाही. आई म्हणाली, मी कशाला बोलू. या घरात तिचा हा शब्द आजवर पाळला गेलेला नव्हता.

मुलाखत सुरू झाली. बायको पानं तपासू लागली. टेबलाखाली छटाकरावांना कीबोर्डच्या आवाजाखेरीज काही कळत नव्हतं. दहा मिनिटांनी त्यांच्या बोटाला मुंग्या आल्या, वीस मिनिटांनी खांद्याला, आणि अर्ध्या तासाने तो हात आपला आहे की टेबलाचा हे सांगता येईना. हात बदलायचा म्हणजे क्षणभर सोडायचा, आणि सोडायचा म्हणजे बारा वर्षं परत. त्यांनी बदलला नाही.

पानं झाली. तिकडच्या बाईंनी विचारलं, बारा वर्षांचा खंड का पडला? बायको म्हणाली, काही घरगुती कारणं होती.

"मी होते ते कारण," पायथ्याकडून आवाज आला. "दीड वर्ष पडून होते. हिनेच मला उभं केलं. एवढं लिहून घ्या."

छटाकराव इतके दचकले की टोक निसटलं. बायकोच्या पायाचा अंगठा त्यांच्या बरगडीत बसला. त्यांनी टोक परत दाबलं. चार सेकंद गोठलेलं चित्र हललं, आणि पलीकडून त्या बाई विचारत होत्या, आता बोलल्या त्या कोण? बायकोने सांगितलं, सासूबाई. मग म्हणाली, आणि टेबलाखाली आमचे हे आहेत, वायर धरून. पलीकडे कुणीतरी हसलं. छटाकराव आयुष्यात पहिल्यांदा मुलाखतीत हजर होते आणि कुणाला दिसत नव्हते, तरी त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, मोकळ्या हाताने.

सगळं आटोपलं तेव्हा त्यांना उठवायला दोघी लागल्या. बायकोने त्यांच्या खांद्याला तेल चोळलं. आणि चोळलं तेही बराच वेळ.

अकराव्या दिवशी पत्र आलं. सोमवारपासून कामावर या, असं लिहिलं होतं. आईने ते पत्र स्वतः वाचायला मागितलं आणि मग उशीखाली ठेवून दिलं.

त्या संध्याकाळी छटाकरावांनी वही काढली. विषय एकदाचा मिटवायचा होता. त्यांनी नीट अक्षरात लिहिलं: जाडोबा, अठ्ठावन्न एमबी. मधला, एकवीस एमबी. काडीपैलवान, सहा एमबी. मग जरा छाती फुगवून शेवटची ओळ लिहिली: कारभाऱ्याशिवाय, थेट वायरीने, वजन शून्य. आणि वही टेबलावर उघडीच ठेवून ते टॉवेल काढायला गॅलरीत गेले.

परत आले तेव्हा शेवटच्या ओळीतलं 'शून्य' लाल शाईने खोडलेलं होतं. समासात बायकोच्या बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: अडुसष्ट किलो. आणि त्याखाली ठिपक्यांची ओळ होती.